आई पापड लाटायला गेली आहे

दादा,

दार उघडं बघून घाबरू नकोस. आई कुठे निघून गेलेली नाही. ती शेजारी येसूकाकीकडे पापड लाटायला गेली आहे, आणि मीही तिथेच आहे.

काकी सकाळी स्वतः बोलवायला आली. वेड्यांच्या इस्पितळातून आई घरी आल्याला तीन उन्हाळे झाले, पण आळीतल्या एकीनेही तिला पापडाला हाक मारली नव्हती. मी म्हटलं, गोळ्यांनी तिचे हात थरथरतात. काकी म्हणाली, "थरथरू दे गं. जाड झाला तर जाड खाऊ आमी." तोवर आई पोळपाट काखेत मारून अंगणाबाहेर पोचलीसुद्धा.

आईची दुपारची गोळी मी सोबत घेतली आहे. भाकरी आणि सुकटीचं कालवण चुलीपाशी झाकून ठेवलंय.

परवा सगळ्या जणी आपल्या घरी लाटायला येणार. उद्या रसायनीहून कामावरून येताना चौकला उतरून उडदाचं पीठ आणि पापडखार आण. तू नको म्हणशील म्हणून मी आधीच हो म्हणून बसले.

आणि आईला आत ठेवून दाराला लावायचं ते कुलूप शोधू नकोस. मुंगूस फार येतं, म्हणून ते कोंबड्यांच्या खुराड्याला लावलंय. किल्ली आईच्या कमरेला आहे.

सुंदरा