लाल पट्टीचं टेबल

मंगळवार, ९ जानेवारी १९९६. दुपारी ४ वाजून २० मिनिटं.

वेळ मुद्दाम लिहून ठेवते आहे. पुढे चौकशी झाली तर लागेल. वरील वेळी, आमच्या वाचनालयाच्या बालविभागात, बारा पोरांसमोर, मला निळ्या टेबलावरून उठवून लाल टेबलावर बसवण्यात आलं. माझी उशी शिपाई तुळशीरामने उचलून नेली. दोन बोटांत धरून.

उठवणारी किशोरी. बालविभागाची प्रमुख, वय चोवीस, उरणच्या कोळीवाड्यातली, डी.एड. आवाज मधासारखा.

पार्श्वभूमी. नव्या पुस्तकांच्या पाठीवर रंगीत पट्ट्या आहेत. लाल म्हणजे नुसती चित्रं, शब्द एकही नाही. पिवळी, पानाला एक ओळ. हिरवी, छोट्या गोष्टी. निळी, मोठ्या गोष्टी आणि माहितीची पुस्तकं. प्रत्येक रंगाचं टेबल वेगळं. मूल नीट वाचू लागलं की वरच्या रंगावर जातं. आम्ही स्वयंसेवकांनी शेजारी बसून ऐकायचं. मूल अडलं तर मनात दहा मोजायचे आणि मगच मदत करायची.

माझा गुन्हा? कुंदन नावाचा मुलगा खेकड्यांवरचं निळं पुस्तक वाचत होता. मी त्याला एका पानात अकरा वेळा सुधारलं. तो पाणी प्यायला गेला आणि परत आला नाही. यात माझा काय दोष? तहान त्याची.

तीस वर्षं फोर्टमधल्या शिपिंग कंपनीत साहेबांची पत्रं सुधारली. एकही साहेब पाणी प्यायला गेला नाही.

१० जानेवारी

निश्चय : वाचनालयात पाऊल ठेवणार नाही. चार ते सहा घरी करण्यासारखं पुष्कळ आहे. चार वाजता कपाट आवरलं. सव्वाचारला आवरून झालं.

११ जानेवारी

गेले. फक्त उशी आणायला.

लाल टेबलावर एकच मुलगी होती. शुक्री. आठेक वर्षांची, नेऱ्याच्या वाटेवरच्या वीटभट्टीवर आईबाप कामाला. तिने माझ्या उशीकडे बघून विचारलं, "आजे, तुला पन वाचता येत नाय का?"

उत्तर देणं भाग होतं. बसले.

१३ जानेवारी

किशोरीने दहा मोजण्याचा विषय पुन्हा काढला. म्हणाली, मॅडम, तुमचे दहा दोन सेकंदांत होतात, मी घड्याळ लावून बघितलं. मी म्हटलं, मी भराभर मोजते कारण मला मोजता येतं.

ती हसली. मधासारखी.

१६ जानेवारी

आता वाचण्यासारखा शब्दच नसलेल्या पुस्तकात मी काय सुधारणार? आज हे सिद्ध करायचं ठरवलं होतं. पुस्तकात एक मुलगी कोंबडी कडेवर घेऊन माळ्यावर चढते, असं चित्र. शुक्री सांगू लागली की घरी पाहुणे आलेत, म्हणून पोर कोंबडी लपवतेय. मी समजावलं की कोंबडी हरवली होती, ती सापडली.

शुक्री म्हणाली, "तसं लिवलंय का हितं?"

मी म्हटलं, लिहिलेलं नाही म्हणूनच सांगते.

शुक्रीने पाटीवर एक उभी रेघ ओढली. अक्षराची सुरुवात उभ्या रेघेनेच होते. शिकवावं न लागता केलं. माझ्या सहवासाचा परिणाम.

१८ जानेवारी

शुक्रीने आज सतरा रेघा काढल्या. सरळ, सुबक. किशोरीला अभिमानाने दाखवल्या. किशोरीने शुक्रीकडे बघितलं, शुक्रीने छताकडे. मग कळलं की मी मध्ये बोलले की एक रेघ. म्हणजे ही पोर तीन दिवस माझा हिशेब ठेवतेय. परवा एकोणतीस होत्या.

रागावले. मग लक्षात आलं की एकोणतीसवरून सतरा ही प्रगती आहे. हे किशोरीने नोंदवायला नको का?

तिने एक तोंडी आश्वासन दिलं : शुक्री पिवळ्यावर जाईल त्या दिवशी तिच्या पूर्ण वाचनात मी गप्प राहिले, तर निळ्या टेबलावरची खुर्ची परत. मी म्हटलं, ही काय मोठी अट आहे.

२२ जानेवारी

सराव. शुक्रीला आता अक्षरं जोडता येतात. माझ्यामुळे. (किशोरी म्हणते, शुक्री दिवाळीपासून रोज सकाळी तिच्याकडे अक्षरं शिकायला येते. असेल.) मी तोंडात लवंग धरून बसते. आज सहा रेघा. त्यातली एक ठसक्याची होती, ती मला मान्य नाही.

शनिवारी तिचं पिवळ्यासाठीचं वाचन ठरलं आहे. शुक्रीची धमकी : "आजे, शनवारी तू बोललीस ना, तर मी कट्टी." मी म्हटलं, मोठ्यांना अहो म्हणावं. सातवी रेघ.

२४ जानेवारी

घरी रेडिओवर बातम्या ऐकताना एकदाही सुधारणा केली नाही. पूर्ण तयारी आहे. निळ्या खुर्चीसाठी नवं कव्हर शिवायला टाकलं. खेकड्यांचं पुस्तक स्वतः वाचून काढलं, म्हणजे कुंदनची पुढची पानं सोपी जातील. त्याच्या बाटलीत पाणी भरून ठेवण्याची सूचना तुळशीरामला दिली.

शनिवार, २७ जानेवारी. संध्याकाळी ७.

आधी घटना, मग निष्कर्ष.

शुक्री उभी राहिली. पिवळं पुस्तक, गायीचं. तिची आई भट्टीवरून आली होती, हाताला माती तशीच. दारापाशी उभी. किशोरीने दोनदा सांगूनही बसली नाही. शुक्रीने सहा पानं वाचली. मी लवंग चावली नाही, श्वासही बेताने घेतला. सातव्या पानावर ती वाचू लागली, "गाय नदीवर गेली. गाय पाणी..." आणि थांबली. पुस्तकाकडे बघून हसायला लागली.

मी मोजलं. सावकाश. चार. पाच. तिच्या आईने पदराचं टोक तोंडात धरलं. सहा. सात. सातला काय झालं ते मला खरंच सांगता येणार नाही.

"प्यायली," मी म्हटलं. मोठ्याने.

शुक्रीने बोट ओळीवर ठेवलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "गप ऱ्हा आजे. नाय प्यायली. गाय पानी बघून परत आली. लिवलंय."

लिहिलं होतं.

मदत घेतली म्हणून वाचन रद्द होणार, असं मला वाटलं. किशोरी म्हणाली, चुकीचं सांगितलं, म्हणजे ती मदत नव्हेच. शुक्री पास. तुळशीरामने टाळ्या वाजवल्या. शुक्रीची आई आली, माझे दोन्ही हात हातात घेतले आणि काहीच बोलली नाही. मीही नाही. वास्तविक तेव्हा मोजायला हवं होतं कोणीतरी.

मग शुक्री आपली पाटी घेऊन पिवळ्या टेबलावर गेली. मला हात करून. कट्टी नाही.

मी लाल टेबलावर. उशीसह, एकटी. सहापर्यंत.

सोमवारी द्यायच्या पत्राचा मसुदा :

बालविभाग प्रमुख यांस. निळ्या खुर्चीवरचा हक्क मी स्वखुशीने सोडत आहे. तथापि पिवळ्या टेबलावर अनुभवी देखरेखीची नितांत गरज असल्याचं माझ्या निदर्शनास आलं आहे. सबब मला त्वरित पिवळी पट्टी देण्यात यावी. जागा : शुक्रीच्या डावीकडची, कारण ती पाटी उजवीकडे ठेवते. नकार असल्यास कारणं बुधवार दिनांक ३१ जानेवारी, दुपारी चारच्या आत लेखी कळवावीत. मधाळ तोंडी उत्तर ग्राह्य धरलं जाणार नाही.