बाप-लेकाचा सिनेमा

येळ्ळूर, ७ जानेवारी १९४४

शामू आला! निळा कोट, छातीवर विमानदलाचे पंख. माझा लेक विमान चालवतो!

यांनी मान वर केली नाही. दोन वर्षं अबोला आहे. हे मराठा पलटणीचे पेन्शनर सुभेदार, मागच्या लढाईत गोळी खाल्लेले. लेकानं पलटण सोडून विमान धरलं, हा राग.

"वरनं बाँब टाकून पळतंय, त्येला शिपाई म्हंत्यात व्हय?" यांनी भिंतीला सांगितलं. शामू बूट काढत राहिला.

रजा थोडी. मग ब्रह्मदेशाची लढाई. दोघं बोलल्याशिवाय सोडायची नाही मी त्याला!

८ जानेवारी

दोघांना एकत्र वाढलं. भाकरी मोडल्याचा आवाज तेवढा.

१० जानेवारी

शामू म्हणाला, बेळगावात कॅम्पात इंग्रजी सिनेमा लागलाय. फौजी बाप, विमानवाला लेक. "आई, आबांस्नी न्हेतीस?"

नेते की! यांना सांगितलं, पलटणीचा सिनेमा आहे. अर्धं तरी खरंच.

११ जानेवारी

नेलंच!

इंग्रजी मला कुठलं कळायला? हे पलटणीत शिकलेले, कानात सांगत होते. बाप कर्नल. लेकाला म्हणतो, माझं नाव बुडवलंस. "बराबर बोलला!" — हे मोठ्यांदा! पुढचे गोरे वळून बघायला लागले.

मग लेकाचं विमान पेटलं. सोबत्याला हवाई छत्रीनं उतरवलं नि गावावर पडू नये म्हणून हा एकटा विमान गावाबाहेर घेऊन गेला. यांनी माझं मनगट गच्च धरलं.

नंतर इस्पितळ. लेकाच्या खाटेपाशी बाप. ओठ हलत होते.

"काय म्हंतोय वो?"

यांनी पटक्याचं टोक डोळ्याला लावलं.

"सांगा की!"

"गप बस गं."

मला कळलं, बाप माफी मागत होता.

१२ जानेवारी

सकाळी चहा पिताना एकदम — "शाम्या, मधीच पेट्रोल संपलं तर काय करतोस रं?"

शामू दचकला. मग तळहाताचं विमान करून उतरवून दाखवायला लागला. दुपार झाली तरी दोघं उठेनात. आमटी दोनदा तापवली. जिंकले मी!

१७ जानेवारी

शामू गेला. स्टेशनात यांनी ताठ उभं राहून लेकाला सलाम ठोकला. "आता सायब हाईस तू." शामू लाजून लाल. टोपी काढून पाया पडला. गाडी हलली तरी हे तसेच उभे.

२९ जानेवारी

हे पलटणीत परत रुजू झाले. रंगरुटांची तुकडी घेऊन ब्रह्मदेशाला निघालेत. मला विचारलं नाही.

"पोरगं वरनं, मी खालनं," म्हणाले. कसे खुशीत!

ट्रंक मी भरतेय.