एकाहत्तराव्या मैलावरची बाई

शनिवार, २ मार्च. सकाळी
स्कॅनर आला. तळहातात मावणारा रेडिओ, डोक्यावर उंदराच्या शेपटीसारखी एरियल. रेल्वेची माणसं आपसात काय बोलतात ते यावर ऐकू येतं. म्हणजे गाडी दिसायच्या आधीच आपल्याला तिची खबर.

निश्चय: टिलीला मालगाड्यांमधली तज्ज्ञ करायचं. नात पाच वर्षांची आहे, वय बरोबर आहे. मी आयुष्यभर लोकांचे फ्रीज दुरुस्त केले. यंत्र कसं शिकवावं ते मला कुणी सांगायला नको.

तोच दिवस, दुपारी
रुळांशेजारी गाडी लावून बसलो. टिलीनं सँडविचमधलं मांस खाल्लं, पाव कावळ्यांना घातला. मालगाडी आली तेव्हा ती मागच्या सीटखाली पेन्सिल शोधत होती. पण एकूण उत्साह उत्तम.

रविवार ते शुक्रवार
नोंद करण्यासारखं काही नाही. माझी मुलगी ग्रेचन शनिवारी दातांच्या दवाखान्यात कामाला जाते, तेवढा वेळ टिली माझ्याकडे. ऑक्टोबरात माझी बायको नदीन गेली, तेव्हापासून आठवड्यात तो एकच वार असतो. बाकीचे वार नुसते कॅलेंडरवर छापलेले.

शनिवार, ९ मार्च
मोठा शोध. रस्ता जिथे रूळ ओलांडतो तिथून पुढे, मक्याच्या शेताच्या कडेला एक चंदेरी पेटी आहे. गाडी तिच्यावरून गेली की पेटी चाकं तपासते, कुठे काही तापलंय का, आणि शेवटचा डबा गेला की रेडिओवर बाईच्या आवाजात सांगते: मैल एकाहत्तर, दोष नाही. आवाज भरलेला असतो, हे मला माहीत आहे. मी अडाणी नाही.

पण गाडी गेलेली, धूळ खाली बसलेली, शेतात चिटपाखरू नाही, आणि त्या शांततेत ती बोलते. अंगावर काटा आला. वारा होता.

टिलीनं विचारलं, ही बाई कुठे बसते? म्हटलं, त्या पेटीत. ती म्हणाली, मग तिला शू लागली तर? उत्तर पुढच्या वेळी देईन म्हटलं. मग मी सहज विचारलं, आवाज कुणासारखा वाटतो गं? ती म्हणाली, बँकेच्या फोनमधल्या बाईसारखा. म्हटलं, नीट विचार कर. तिनं नीट विचार केला, माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाली, आजीसारखा?

बघा. पोरीच्या तोंडून आपसूक आलं. मुलांच्या कल्पनाशक्तीवर पाणी ओतू नये, असं मी कुठेतरी वाचलंय. गप्प बसलो.

मंगळवार, १२ मार्च
बॅटरी तपासायला एकटाच एकाहत्तराव्या मैलावर गेलो. बॅटरी ठीक होती. तीन गाड्या होईपर्यंत बसलो, कारण बॅटरी नीटच तपासलेली बरी.

शनिवार, १६ मार्च
टिलीनं पेटीचं चित्र काढून आणलंय. पेटीला चष्मा आहे. चष्मा हुबेहूब नदीनचा, दोरी लावलेला. मी फक्त दोरीचा रंग सांगितला होता.

एक गोष्ट मात्र जुळत नाही. नदीन जन्मात कधी 'दोष नाही' म्हणाली नाही. ती बोलायची ती चूक असली तरच. ग्रेव्ही खारट, दार उघडं, शर्ट उलटा. गप्प असली की समजायचं, बरं चाललंय. आणि ही बाई दर गाडीला न चुकता म्हणते, दोष नाही. मरणानं माणूस मवाळ होत असेल. (हे मी टिलीच्या बाजूनं लिहितोय. माझं असं काही मत नाही.)

बुधवार, २० मार्च. संध्याकाळी
माळ्यावर मोठी एरियल बसवली. आता स्वयंपाकघरातही ऐकू येतं, जरासं विहिरीतून आल्यासारखं. धान्याची गाडी साडेसहाला जाते, म्हणून जेवण साडेसहाला ठेवलंय. योगायोग.

आज ग्रेव्ही केली. सहज मोठ्यानं विचारलं, कशी झालीय? बाहेर गाडी धडधडत गेली. मग ती म्हणाली, दोष नाही.

इतक्या वर्षांत पहिल्यांदा. दोनदा वाढून घेतली.

मंगळवार, २६ मार्च
ग्रेचनचा फोन. टिलीनं शाळेत सांगितलं की माझी आजी रुळांजवळ पेटीत राहते आणि चाकं मोजते. बाईंनी ग्रेचनला बोलावून घेतलं होतं. ग्रेचन म्हणाली, बाबा, तिला हे कुणी सांगितलं? म्हटलं, तिची तीच म्हणाली. ग्रेचन म्हणाली, बाबा, मी तुम्हाला ओळखत नाही का? आईला जाऊन सहा महिनेसुद्धा झाले नाहीत, पोरगी रात्री विचारते की आजीला पेटीत थंडी वाजत असेल का. तुम्ही तिला खरं काय ते सांगा. नाहीतर शनिवारची मी दुसरी सोय बघते.

शनिवारची दुसरी सोय. हे ती दात उपटायच्या आवाजात म्हणाली.

निश्चय: येत्या शनिवारी टिलीला स्पष्ट सांगायचं. यंत्र आहे. भरलेला आवाज आहे. विषय संपला.

शनिवार, ३० मार्च
उद्या ईस्टर. सणाच्या तोंडावर मुलांना असलं काही सांगू नये. शिवाय टिलीनं पेटीसाठी लोकरी मोजे आणले होते. कुंपणाला बांधून आलो. दुसरं काय करणार?

शनिवार, ६ एप्रिल
पाऊस. पावसात गंभीर बोलता येत नाही, टपावर फार आवाज होतो.

मंगळवार, ९ एप्रिल
साडेसहाची गाडी गेली. ती बोलली नाही.

बुधवार, १० एप्रिल
आजही नाही. स्कॅनर उघडला, पुसला, बंद केला. एरियल हलवली. सकाळी एकाहत्तराव्या मैलावर गेलो. समोरून अख्खी गाडी गेली, मोजे वाऱ्यानं हलले, आणि मग काही नाही. नुसती खरखर. मी खिडकी खाली करून म्हटलं, काय झालं गं? (रेडिओ टेस्टिंग.)

गुरुवार, ११ एप्रिल
हॉटेलात हार्लन भेटला. जन्म रेल्वेत काढलेला माणूस. त्याला आडून विचारलं. तो केकचा घास तोंडात ठेवून म्हणाला, अरे डेल, कंपनीनं या लाइनवरच्या सगळ्या पेट्या बदलल्या. सारखी बडबड नको म्हणून. आता गाडीत दोष सापडला तरच पेटी बोलणार, नाहीतर तोंड बंद. मग माझ्याकडे बघून म्हणाला, तुझा चेहरा असा का पडला? तुझी कुणी लागायची का ती?

मोठ्यानं हसलो. कॉफी तशीच राहिली.

म्हणजे आता चूक असली तरच बोलणार. परत मूळ स्वभावावर गेली. आतापर्यंत मला थोडी शंका होती. (म्हणजे टिलीला.)

शनिवार, १३ एप्रिल
टिलीनं विचारलं, आजी का बोलत नाही? रागावली? म्हटलं, नाही, आता ती फक्त गाडीत बिघाड झाला तरच बोलणार. टिलीनं विचार केला आणि म्हणाली, मग बोलली नाही तर बरंच की. खायला काय आहे?

खरं सांगायची ही उत्तम संधी होती. पण तिनं खायला मागितलं होतं. आधी पोट.

गुरुवार, १८ एप्रिल
रोज जातोय. पेटी गप्प. साडेसहाला जेवण गार होतं.

आज एक लांबलचक गाडी हळूहळू जात होती आणि माझ्या लक्षात आलं, की मी ओठ हलवतोय. एखादं बेअरिंग तापू दे, म्हणत होतो. फार नाही. जरासं. गाडीत दोन माणसं असतात, त्यांना घरदार असतं, हे मला ठाऊक आहे. लाज वाटली.

निश्चय: असलं काही मनात आणायचं नाही. परवा शनिवार. परवा टिलीच्या शाळेत दुपारी एकला नाटक, भाज्यांचं. टिली बीटरूट आहे. पोशाख चढवून तिला वेळेवर पोचवायची जबाबदारी माझी, ग्रेचन दवाखान्यातून थेट येणार. ग्रेचन म्हणाली, बाबा, ही शेवटची संधी समजा. म्हटलं, माझ्या येण्यावर घड्याळ लावून घे.

शनिवार, २० एप्रिल. संध्याकाळी
जे झालं ते क्रमानं लिहितो, म्हणजे माझी बाजू कळेल.

टिलीला बीटरूट केलं. जांभळं गोल पोट, डोक्यावर हिरवी पानं. हाताशी भरपूर वेळ होता, म्हणून रूळ ओलांडून पाच मिनिटांसाठी एकाहत्तराव्या मैलावर गेलो. गाडी आली. लांब, कोळशाची. मी ओठ हलवले नाहीत. मनातल्या मनात काय होतं ते मोजत नाहीत.

शेवटचा डबा पेटीवरून गेला आणि ती बोलली.

मैल एकाहत्तर. दोष. दोष. गाडी थांबवा.

माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. टिलीचा हात धरून ओरडलो, बोलली, बोलली! टिली म्हणाली, आजोबा, दुखतंय.

दोष निघाला की गाडीला थांबावंच लागतं. ती थांबली. गावात जायच्या रस्त्यावर बरोबर आडवी. आम्ही अलीकडे, शाळा पलीकडे. टिली म्हणाली, नदीवरच्या पुलावरून जाऊ या, आई नेहमी तशीच जाते. पुलाची वाट लांबची, पण नाटकाच्या आधी पोचता आलं असतं. मी म्हटलं, दोन मिनिटांत गाडी हलेल.

हे मी का म्हटलं? कारण पुलाकडे गेलो असतो तर रेडिओ तिच्या टप्प्याबाहेर गेला असता. ती परत बोलली असती तर?

इंजिनातला एक तरुण गडी खाली उतरून खडीवरून एकेका चाकाला हात लावत चालत आला. बीटरूट बघून थबकला. टिलीनं त्याला विचारलं, गाडीला फार लागलंय का? तो म्हणाला, छे गं, सगळी चाकं गार आहेत. ही पेटीच येडी आहे, बदलल्यापासून उगाच बोंबलते. टिलीनं विचारलं, पेटीत कोण असतं? तो म्हणाला, तारा आणि गांधीलमाश्यांचं पोळं. आणि तिला मोजे कुणी घातले देव जाणे.

आजकालच्या पोरांना कल्पनाशक्तीच नाही.

गाडी हलली तेव्हा नाटक संपलं होतं. शाळेच्या दारात गाजर आणि वाटाणे आपापल्या आयांबरोबर घरी निघाले होते. ग्रेचन पायरीवर बसली होती. ओरडली नाही. तिनं टिलीच्या डोक्यावरची पानं सरळ केली आणि विचारलं, बाबा, कुठे होतात? मी गाडीचं सांगितलं. टिली म्हणाली, आई, मी पूल म्हटलं होतं. कुणी विचारलं नव्हतं तिला. ग्रेचन म्हणाली, आई माझीही गेलीय, बाबा. मी तिला शोधत पोरीला घेऊन शेतात बसत नाही.

तात्पर्य: रेल्वे खात्याचा गलथानपणा.

शनिवार, २७ एप्रिल
टिली आली नाही. शेजारच्या मुलीकडे सोय झालीय.

रुळांकडे गेलो नाही. म्हणजे गेलो, पण काच वर ठेवली.

शनिवार, ४ मे
आजही शेजारच्या मुलीकडे. साडेसहाची गाडी गेली. कुणी काही बोललं नाही. सूप जेवलो. कसं होतं माहीत नाही.

गुरुवार, ९ मे
ग्रेचनला फोन केला. म्हटलं, टिलीला खरं सांगतो. तुझ्या घरी येऊन, तुझ्या समोर. ती म्हणाली, एक तास. ओसरीवर. आणि बाबा, जेवून जा.

निश्चय: या वेळी मोडायचा नाही.

शनिवार, ११ मे
गेलो. स्कॅनर बरोबर नेला, दाखवून समजावता यावं म्हणून. ग्रेचन जाळीच्या दाराआड भांडी पुसत उभी. टिली पायरीवर. म्हटलं, टिली, तुला एक वाईट वाटेल असं सांगायचंय. ती पेटीतली बाई आजी नाही. यंत्र आहे. आजी नाहीये आता. कुठेच नाहीये.

टिली म्हणाली, मला माहितेय. मी तर बँकेची बाई म्हटलं होतं.

आत भांडं पुसायचा आवाज थांबला.

मी म्हटलं, मग आतापर्यंत बोलली का नाहीस? ती म्हणाली, तू तिच्याशी गप्पा मारायचास ना. म्हटलं, गप्पा नव्हे, मी रेडिओ टेस्ट करत होतो.

तिनं स्कॅनर माझ्या हातातून घेतला. उलटा केला, सुलटा केला, बाजूला वळवला. आपल्याहून लहान मुलाला दाखवावं तसं सगळीकडून दाखवलं आणि हळूच म्हणाली, आजोबा, यात नुसतं ऐकू येतं. बोलायचं बटणच नाहीये. मीसुद्धा खूप शोधलं होतं.

ग्रेचन बाहेर येऊन आमच्या शेजारी पायरीवर बसली, फडकं हातातच.

घरी येऊन चष्मा लावून पाहिलं. खरंच नाही.