दिवा न लावलेला तक्ता

मंगळवार, ८ ऑक्टोबर

प्रिय आत्या,

सप्रेम सलाम. आम्ही इकडे बरे आहोत, तुम्ही तिकडे बरे असाल, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. खरं तर आम्ही फारसे बरे नाही, आणि तुझ्याकडे जो पाहुणा आलाय तो बघता तूही बरी असशील असं वाटत नाही.

आधी एक सूचना. तू म्हणतेस की तू पत्र मनात वाचतेस, पण तुझं मनातलं वाचन खालच्या जिन्यापर्यंत ऐकू येतं. म्हणून हे गच्चीवर जाऊन वाच. बाबांनी "काय लिहिलंय पोरीनं?" असं विचारलंच, तर सांग की आईच्या गुडघ्याची सूज उतरणीला लागलीय. ते खरंच आहे. बाबा हे स्वतः वाचतील अशी मला भीती नाही. "चष्मा घरी विसरलो" असं त्यांनी तुला सांगितलं असेल. चष्मा त्यांच्या शर्टाच्या खिशात आहे आणि त्याचा आता काही उपयोग नाही. सगळं घोडं तिथेच अडलंय. शेवटचं पान मात्र त्यांना वाचून दाखव, मोठ्याने.

फोन का केला नाही म्हणशील. केला होता. बाबांनीच उचलला आणि म्हणाले, "राँग नंबर." मी म्हटलं, "बाबा, मी बोलतेय." तर म्हणाले, "इथे कुणी बाबा राहत नाहीत." मग जरा थांबून, "जेवलीस का?" आणि फोन ठेवला. माणसाला खोटं बोलायचंच असेल तर निदान शेवटपर्यंत बोलावं.

बाकी घरची खबर. स्वयंपाकघरातला नळ अजून गळतो. शेजारच्या शिक्षिकेला मुलगी झाली. मी काम करते त्या चष्म्याच्या दुकानात मालकांनी माझ्या नावाची पाटी लावली, नावापुढे पदवी. आईने खास येऊन अक्षरांवरून बोट फिरवलं, कोरलेली आहेत की चिकटवलेली ते बघायला. चिकटवलेली आहेत. तरी तिने घरी जाताना वाटेत भेटेल त्याला सांगितलं.

आणि हो, गेल्या महिन्यात पाळकसाहेबांनी मला चर्चच्या तरुण संघात बोलायला लावलं. विषय होता मोह. मी तयारीला लागले की काय होतं ते तुला ठाऊक आहे. मी सांगितलं की मोह ओळखणं सोपं असतं. तो चकचकीत असतो, चोरपावलांनी येतो, आणि देवावर विश्वास असलेल्या माणसाने एकदा ठामपणे 'नाही' म्हटलं की शेपूट घालून पळतो. स्वतःचा अनुभव म्हणून मी उपासाच्या दिवशी न खाल्लेल्या चॉकलेटची साक्ष दिली. पोरांनी माना डोलावल्या. पाळकसाहेब "आमेन" म्हणाले, पण जरा हळूच.

बाबा पहिल्या ओळीत बसले होते. सगळं आटोपल्यावर त्यांनी दारापाशी पाळकसाहेबांचा हात हातात घेतला आणि विचारलं, "कशी काय बोलली आमची मुलगी?" तो पाळकसाहेबांचा हात नव्हता. खुंटीला लावलेल्या त्यांच्या झग्याची बाही होती. बाही धरून बाबा बराच वेळ उत्तराची वाट बघत उभे होते. आम्ही सगळे हसलो, तेही हसले. म्हणाले, "तरीच म्हटलं, साहेब एवढे वाळले कसे?"

डोळे तपासायची पदवी घेतलेली मी, मीसुद्धा हसले.

गच्चीवर आलीस ना? आता सांगते.

बाबा ज्या शाळेची मुलं ने-आण करतात ती शाळा सगळ्या व्हॅनच्या ड्रायव्हरांकडून दरवर्षी डोळे तपासल्याचा दाखला मागते. बाबा आजवर तो कुठून आणत होते ते मी कधी विचारलं नाही. या वर्षी म्हणाले, "घरात डॉक्टरीण असताना बाहेर कशाला जायचं?" मी डॉक्टर नाही, हे मी त्यांना पुष्कळदा सांगितलंय. त्यांचं उत्तर ठरलेलं, "तेच ते."

शनिवारी दुपारी ते दुकानात आले. इस्त्रीचा शर्ट, भांग पाडलेला, उपासनेला निघाल्यासारखे. मी त्यांना खुर्चीत बसवलं, डाव्या डोळ्यावर हात ठेवायला सांगितलं आणि पेन शोधायला वळले. तेवढ्यात त्यांनी भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता वाचायला सुरुवातच केली. वरची ओळ, दुसरी, तिसरी, धडाधड खाली उतरत शेवटची, जिथे तरणीताठी पोरंही अडखळतात. चाल तर अशी की मंडळीत उभं राहून स्तोत्र म्हणतायत. शेवटचं अक्षर झालं आणि म्हणाले, "उलटीकडून म्हणू?"

मी वर पाहिलं. तक्त्याचा दिवा मी अजून लावलाच नव्हता. खोलीत इतका अंधार होता की भिंतीवर तक्ता आहे की कॅलेंडर, ते मलाही सांगता आलं नसतं.

हा घोटाळा जगात फक्त आमच्याच घरी होऊ शकतो. मी शिकत होते तेव्हा असाच एक जुना तक्ता आणून खाटेसमोर टांगला होता. सरावाला डोळे लागायचे, आणि घरात फुकट मिळणारे डोळे बाबांचेच. दमून आलेले असले तरी एका डोळ्यावर पंजा ठेवून बसायचे. दुकानातला तक्ताही त्याच छापाचा. आमच्या घरी तो सगळ्यांना पाठ आहे. आई भांडी घासताना त्याची तिसरी ओळ गुणगुणते.

मी दिवा लावला. तक्ता काढून उलटा केला, मागच्या बाजूला वेगळी अक्षरं असतात.

"आता वाचा, बाबा."

त्यांनी डोळे बारीक केले, मान पुढे काढली. मग म्हणाले, "हे छापणाऱ्याने शाईत पाणी घातलंय."

"सगळ्यात वरचं अक्षर तरी सांगा."

"मोठं आहे."

"कुठलं?"

"मोठं आहे म्हणजे महत्त्वाचंच असणार कुठलंतरी."

मी यंत्रातून पाहिलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, उजव्यात चांगला पिकलेला. मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "बरं. आता सही कर."

"बाबा, तुम्हाला दिसत नाहीये."

"रस्ता दिसतो. रस्त्यावर कुठे अक्षरं असतात?"

"आणि मुलं?"

"मुलं ओरडतात. ऐकू येतात मला."

मी म्हटलं, ऑपरेशन करून घेऊ, साधं असतं. ते म्हणाले, डोळ्यात सुई खुपसायला साधं म्हणणारी माणसं वेगळी असतात. मग आवाज खाली आणून म्हणाले, "पुढच्या वर्षी करतो. या वर्षीचं एवढं निभावून ने. शाळेने एकदा दुसरा माणूस ठेवला की मी संपलो गं."

आत्या, मी पेन घेतलं. हे मी आईलाही सांगितलेलं नाही. दाखल्यावर सहीचं पहिलं अक्षर काढलंसुद्धा.

तरुण संघात मी वर्णन केलेला मोह त्या खोलीत कुठेच नव्हता. चकचकीत काही नव्हतं, चोरपावलं नव्हती. समोर बाबा होते. त्यांनी पहाटे उठून व्हॅन धुतली म्हणून मी शिकले, हे आठवलं. आईबापाचा मान राखावा, ही आज्ञा आठवली. दया आठवली, क्षमा आठवली. जे जे आठवत होतं ते सगळं पवित्र होतं आणि सगळं म्हणत होतं, कर सही. रानात आपल्या प्रभूसमोर सैतान आला तेव्हा तोही शास्त्रवचनं तोंडपाठ करूनच आला होता. हे मी रविवारच्या शाळेत मुलांना कितीदा शिकवलंय. पण तो बापाचं तोंड घेऊन येईल असं कुणी मला शिकवलं नव्हतं.

मी प्रार्थना केली. खरं सांगायचं तर परवानगी मागितली. देवा, एवढी एकच, पुन्हा नाही.

उत्तराच्या जागी आले ते बाबांचे शब्द. "नीट कर हं सही. खाली पदवी लिही. मला बघायचीय." आणि ते पुढे वाकून कौतुकाने बघू लागले. कागद माझ्या हाताखाली होता. ते टेबलाच्या दुसऱ्या कोपऱ्यात पडलेल्या चष्मा पुसायच्या फडक्याकडे बघत होते.

मला मोठी प्रार्थना सुचली नाही. मनात म्हटलं, "मला जमत नाहीये, तू धर." आणि मी कागद फाडला.

"फाटलं काय?" बाबांनी विचारलं. ते त्यांना बरोबर ऐकू आलं.

पुढचं तुला त्यांनी सांगितलं असेलच, त्यांच्या पद्धतीने. "शिकवलं ते मलाच नापास करायला," असं म्हणून ते गेले. मी मागच्या खोलीत खोक्यांवर बसून रडले. घरी आले तर आई तयारच होती. म्हणाली, "आईबापाचा मान राख, हे देवाने दगडावर कोरून दिलंय. तुझी पदवी कागदावर आहे." रविवारी मंडळीत ती आणि बाबा एका बाकावर, मी दुसऱ्या. दुपारी बाबांनी शाळेत रजा कळवली, पिशवी भरली आणि तुझ्याकडे आले. आई सांगते, बसमध्ये ड्रायव्हरच्या पाठीमागेच बसले आणि बस सुटायच्या आधीच त्याला सूचना द्यायला लागले.

आता जे लिहिते ते गच्चीवरसुद्धा ओठ मिटून वाच.

काल सकाळी आई उठलीच नाही. मी घाबरून हलवलं तर म्हणाली, "झोपू दे. कित्येक महिन्यांनी झोपतेय." मग उठून चहा केला आणि कपाकडे बघत सगळं सांगितलं. ती रोज सकाळी बाबांबरोबर व्हॅनमधून बाजारात जायची ना, भाजी ताजी मिळते म्हणून? भाजी आपल्या कोपऱ्यावरही ताजीच मिळते. ती पुढच्या सीटवर बसून बोलायची. "लाल झाला. आता हिरवा. डावीकडे सायकल. हळू, म्हातारी आडवी येतेय." एका गाडीला दोन ड्रायव्हर, एकाकडे स्टेअरिंग आणि दुसरीकडे डोळे. मागे मुलं गाणी म्हणायची. मुलांना वाटायचं, काकू फार बडबड्या आहेत.

मी म्हटलं, "आई, मग मला दगडावरचं का ऐकवलंस?"

ती म्हणाली, "तू सही केली असतीस तर मी तुला कधी माफ केलं नसतं. आणि नाही केलीस म्हणून तुझ्या बापासमोर तुला शाबासकी देऊ?"

आत्या, मी अजून तिचं हे गणित सोडवतेय.

पण माझ्यात एक झालंय. आधीचा माझा विश्वास दुकानाच्या काचेच्या कपाटातल्या चष्म्यासारखा होता. लखलखीत, एक ओरखडा नाही, कारण तो कुणी नाकावर चढवलाच नव्हता. देवाशी मी निबंधात बोलायचे, प्रस्तावना आणि समारोपासकट. शनिवारपासून तसं जमत नाही. "धर" म्हणते आणि गप्प बसते. शांती मिळते का विचारशील, तर नाही, अजून नाही. पण मी त्या खुर्चीजवळ एकटी नव्हते, एवढं मला आता वाचून नाही, अंगावर घेऊन माहीत आहे. पाळकसाहेबांना म्हटलं, मला पुन्हा एकदा मोहावर बोलू द्या, आधीचं चुकलं. ते म्हणाले, "चुकलं नव्हतं, कोवळं होतं. या वेळी चॉकलेट वगळ."

आणि एक राहिलं, जे लिहायचं मी पहिल्या ओळीपासून टाळतेय. आई म्हणते, तुझ्या घराजवळच्या चौकात एक चष्मेवाला आहे, तो माणसाच्या तोंडाकडेही न बघता दाखल्यावर सही करतो, आणि बाबांना तो माहीत आहे. मला वाटतं, ते तुझी आठवण येऊन आलेले नाहीत. तू त्यांच्या चपला लपवू नकोस, भांडू नकोस. माझ्या वाटणीचं मला झेलावं लागलं, त्यांच्या वाटणीचं त्यांनाच झेलावं लागेल. तू फक्त खाली जा आणि इथून पुढचं मोठ्याने वाच.

बाबा,

ऐकताय ना? आत्याचा हात धरून ठेवा, म्हणजे उठून जाता येणार नाही.

चौकात जाल तर कागद मिळेल. तो घेऊन आलात, तर मी शाळेच्या मोठ्या बाईंकडे जाईन आणि तुम्हाला दिसत नाही असं सांगेन. तुमच्या मुलीला हे सांगावं लागेल. हे लिहिताना माझं अक्षर वेडंवाकडं आलंय, आत्याला विचारा. पण जाईन. अजून शाळेत मी चकार शब्द बोललेले नाही. ते तुम्ही सांगावं अशी माझी इच्छा आहे. तुमच्याइतक्या काळजीने त्या मुलांना कुणी नेलं नाही, हे त्यांना माहीत आहे. दोन महिन्यांची रजा मागा. तुमच्या तोंडून मागितलेले दोन महिने ते देतील असं मला वाटतं. नाही दिले तर काय, ते मला माहीत नाही, आणि माहीत असल्याचं सोंग मी करणार नाही.

पुढच्या शुक्रवारची इस्पितळातली वेळ मी घेऊन ठेवली आहे. आधी उजवा डोळा. सुईची भीती वाटते, हे आईने सांगितलं, तिच्यावर चिडू नका. मला आत येऊ देणार नाहीत, पण दाराबाहेर बसेन, आणि तुम्ही आत गप्प राहणार नाही हे मला ठाऊक असल्यामुळे तुमचा आवाज मला ऐकू येत राहील. डॉक्टरांना कात्री कशी धरावी ते सांगू नका.

आणि बाबा, गेली कितीतरी वर्षं किल्ली फिरवायच्या आधी तुम्ही डोळे मिटून म्हणता, "ही लेकरं तुझी आहेत, मी नुसता हाकणारा." मी लहानपणी शेजारी बसून ते ऐकलंय. शनिवारी मी जे केलं ते तुमच्याकडूनच ऐकलेलं होतं. रागावायचं असेल तर समोर बसून रागवा. इस्पितळाच्या आदल्या दिवशी, गुरुवारी, संध्याकाळच्या बसला मी थांब्यावर असेन. उतरताना तुम्हाला मी दिसले नाही, तर जी मुलगी तुमच्याकडे चालत येऊन तुमच्या हातातली पिशवी घेईल, तीच मी.

जिची सही तुमच्या दाखल्यावर अजून व्हायची आहे, ती
तुमची लेक