कोळप्याखाली गेलेली ओळ

आबा, आज वरच्या वावरात ज्वारीतलं तण काढायची कोळपणी चालू आहे आणि मी बांधावर बसून कोळपणाऱ्यावर डोळा ठेवून आहे. कोळपं ओढणारे बैल आता नाहीत. पुसेगावचा एकजण पॉवर विडर घेऊन येतो, दोन ओळींमधून ते यंत्र फटफटत नेतो आणि मागं माती भुसभुशीत पडते. दिसायला झकास. पण माझा विश्वास बसत नाही. तो पुढं गेला की मी मागून जाते आणि एकेक रोप हळूच ओढून बघते. सकाळी त्यानं वळून पाहिलंच. "काकू, काहून ओढून पाहून राहिल्या? भरोसा न्हाई का माझ्यावर?" मी म्हटलं, "सवय हाय बापा."

सवय तुमचीच. कोळपणी झाली की तुम्हीही असेच रोपं ओढत फिरायचात. "माती हालली म्हंजी तण मेलं असं न्हाई, अन् रोप उभं हाय म्हंजी जित्तं हाय असं बी न्हाई," म्हणायचात. पण माझ्या संशयाचं कारण वेगळं आहे. उभं रोप कसं फसवतं, ते मी स्वतः करून पाहिलंय.

बाईमाणसानं खुरपं धरायचं, कोळपं नाही, ही आपल्या घरची रीत. मी पोर असताना एके दिवशी तुम्ही नरसीला गेला होता. मी सालगड्याच्या मागं लागले, एकच ओळ, एकच. शेवटी त्यानं कोळप्याचं रुमणं, ती धरायची मूठ, माझ्या हातात दिलं. बैल जरासे डावीकडं सरले आणि कोळप्याची पास, खालचं लोखंडी पातं, थेट ज्वारीखालून गेली. वळून पाहते तर अर्धी ओळ, अर्धं तास, आडवी. मी काय करावं? तो नको नको म्हणत असताना एकेक कापलेलं रोप मातीत परत खोचून उभं केलं. तुम्ही आलात तेव्हा ओळ हिरवीगार दिसत होती. तुम्ही वाकता, एक रोप ओढता, ते हातात येतं. मग दुसरं. मग तिसरं.

"कोनी कापलं हे तास?"

"माझ्याच हातनं झालं, मालक," सालगडी म्हणाला.

"कापलं त्याचं काही न्हाई. पन तू लपवलंस."

साल पुरं व्हायच्या आत तुम्ही त्याला काढून टाकलंत. मी तिथंच उभी होते, नखांत माती घेऊन. तुमची नजर त्या नखांवरून गेली होती, असा मला आजही संशय आहे. कारण आठवडाभरातच तुम्ही लोहाराकडून माझ्या हाताच्या मापाचं खुरपं घडवून आणलंत आणि माझ्यापुढं ठेवलंत. कळूनही त्याला घालवलंत का, आबा? लेकीला बोलण्यापेक्षा गडी घालवणं सोपं गेलं का?

आत्ता दुपारी त्या विडरवाल्यानं यंत्र बंद केलं आणि बांधावर आला. "काकू, वळताना चार हात तास कापल्या गेलं. चूक माझी हाय." मी सकाळपासून त्याला पकडायला टपलेली, आणि त्यानं आपणहून येऊन सांगितलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच. मला इतकी लाज वाटली की त्याला पाणी द्यायचंही सुचलं नाही.

वाचायला तुम्ही आता नाहीत, म्हणून हा कागद त्या खुरप्याजवळ कोनाड्यात राहील. इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आले की तुमच्या धाकानं गप्प बसले. खोटं आहे ते. तुम्हाला कळलं असतं तर कोळपं पुन्हा माझ्या हाती लागलं नसतं, म्हणून गप्प बसले. तो सालगडी कामावरून गेला, आणि कोळपं तर तुम्ही मला तसंही कधी दिलं नाहीत.