निळा ठिपका

१२ फेब्रुवारी १९८७

पुन्हा कोरा. वेलीच्या पानांचा अर्क टिपलेला कागद जांभळ्या दिव्याखाली धरून डोळे चुरचुरेपर्यंत बघत बसले. एकही निळा ठिपका नाही, म्हणजे द्रव्य नाही.

विल्मोशच्या वेलीत ते द्रव्य असायलाच हवं. राई नावाच्या गव्हासारख्या धान्याच्या कणसावर काळी बुरशी धरते ना, तिच्यातलं द्रव्य — थोडं घेतलं तर औषध, जास्त झालं तर बोटं सडतात. विल्मोश म्हणाला, आपल्या कुंपणावरची निळ्या फुलांची वेलसुद्धा हेच तयार करते! सगळी संस्था हसली. बुरशीची विद्या वेलीला कुठून येणार? चौकशी बसली. निकाल लागला — इथे राईची बुरशी रोज हाताळतात, भांडी नीट धुतलेली नसणार, द्रव्य भांड्यांतून आलं.

भांडी मी धूत होते! विल्मोशची बायको आणि विल्मोशची मदतनीस. अख्ख्या सेगेद शहरात माझ्यासारखी काच कोणी घासून दाखवावी.

पुढच्या वर्षी विल्मोश गेला. हृदय, असं डॉक्टर म्हणाले. डॉक्टरांना काय कळतंय.

आता जूनमध्ये मी निवृत्त होणार. त्याआधी एकदा तरी ठिपका दिसायला हवा. कुंपणावरची पानं नेऊन उपयोग नाही. म्हणतील धुळीतून आलं. म्हणून बी क्लोरिनच्या पाण्यात धुतलं, साल सोलली, बुरशीनाशकात बुडवलं आणि उकळलेल्या बरणीत कोंब लावला. वाराही न लागलेली वेल. तिनं ते द्रव्य करून दाखवलं की माझी भांडी सुटली, आणि विल्मोशही.

१ मार्च

कोरा.

६ मार्च

महिला दिन रविवारी, म्हणून संस्थेत आजच साजरा. संस्थेतल्या पुरुषांनी ठेवणीतलं हसू आणलं आणि प्रत्येक बाईला एक कार्नेशन दिलं. माझं फूल काल्मानभाऊजी घेऊन आले. विल्मोशचे जिवलग मित्र — आणि चौकशीच्या निकालाखाली सही त्यांचीच. "वहिनी, तब्येत बरी ना?" म्हणाले. बरी, म्हटलं. फूल मोरीत ठेवून दिलं. तिथे पाणी तरी होतं.

घरी येऊन पेप्रिकाची लाल पूड घातलेले बटाटे केले. दोघांचे झाले. अजून अंदाज येत नाही. उद्या तेच खाईन.

२ एप्रिल

वेली काय सुंदर वाढल्यात! पानं कशी धुतल्यासारखी. पिरोश्का, आमची विभागप्रमुख — माझ्या मुलीच्या वयाची असेल, मला मुलगी असती तर — म्हणाली, एतेल्काबाई, तुमच्या बरणीतली वेल दवाखान्यातल्या नर्ससारखी दिसते.

पण कागद कोराच. सगळ्या बरण्यांचा.

आज पहिल्यांदा मनात आलं, आणि आलं ते जाईना. पानं नेहमी विल्मोशच आणायचा. वाटायचाही तोच. माझ्याकडे यायचं ते नुसतं भांडं. त्यानंच त्यात काही मिसळलं असेल तर? नाव व्हावं म्हणून?

एवढी वर्षं एका माणसाशेजारी झोपले. मेल्यावर तो परका होतोय. असं एकटं मला तो गेला त्या दिवशीही वाटलं नव्हतं.

१९ एप्रिल

ईस्टर. हॅम, उकडलेली अंडी, तिखट मुळा किसून. मुळ्याने डोळ्यांत पाणी आलं ते बरंच झालं.

उद्या सोमवार. उद्या पुरुष दारोदार फिरणार, बायकांच्या अंगावर पाणी नाहीतर अत्तर शिंपडणार, लाल अंडं घेऊन जाणार. विल्मोश गेल्यापासून दर ईस्टरच्या सोमवारी माझी बेल वाजते. कोण ते पडद्याआडून दिसतं. मी दार उघडत नाही. ज्यानं सही केली त्याला लाल अंडं? यंदा घरी थांबायचंच नाही. संस्थेत जाते. सुट्टीच्या दिवशी तिथे चिटपाखरू नसतं.

२० एप्रिल

सत्यानाश.

बरण्यांची झाकणं उघडून कोंब नव्या बरण्यांत हलवत होते. दार ढकलून काल्मानभाऊजी आत! काळा कोट, नवा टाय, हातात सोड्याची बाटली. मी "थांबा" म्हणेपर्यंत त्यांनी ते ठरलेलं कवन पुटपुटलं — फूल सुकत चाललंय, पाणी घालू का — आणि शिंपडलंच. माझ्या डोक्यावर, झग्यावर, आणि उघड्या बरण्यांत. पाण्याला कुजक्या पानांचा वास येत होता. अत्तरसुद्धा नाही!

मी काय काय बोलले ते लिहीत नाही. विल्मोशचं नाव घेऊन बोलले. म्हातारा उभा राहून ऐकत होता. शेवटी म्हणाला, "बाईमाणसावर कोणी पाणी घातलं नाही तर वर्षभर सुकते म्हणतात, वहिनी. म्हणून आलो." आणि गेला. अंडं मागितलं नाही.

बरण्या फेकायला हव्यात. आज अंगात त्राण नाही.

२९ एप्रिल

बऱ्याच बरण्यांत हिरवा-काळा बुरा. त्या उकळून टाकल्या. थोड्या तगल्यात, पण पानांवर पांढरी भुकटी धरलीय, पीठ भुरभुरावं तशी. ती ओळखीची आहे. घरच्या कुंपणावरच्या वेलीवर हीच असायची. मी ओलं फडकं घेऊन पान न् पान पुसायचे आणि विल्मोश ओरडायचा, "राहू दे गं तिचं तिला!"

फेकणार होते. त्याचं ओरडणं आठवलं आणि राहू दिल्या.

१८ मे

निळा.

निळा ठिपका! भांडं पुन्हा घासलं, पुन्हा केलं. निळा. पांढरी भुकटी असलेल्या प्रत्येक बरणीतून निळा. स्वच्छ बरण्यांतून काही नाही. पिरोश्काला हाक मारली, तिच्या हातांनी करवून घेतलं. तिच्याही कागदावर निळा.

मोरीत जाऊन रडले. विल्मोश, मला माफ कर रे.

१९ मे

काल्मानभाऊजींच्या खोलीत गेले. कितीतरी वर्षांनी. विचारलं, ते पाणी कुठलं होतं?

त्यांना वाटलं पुन्हा भांडायला आले. म्हणाले, अत्तर घरी विसरलो, म्हणून तुमच्या अंगणातल्या पावसाच्या पिंपात तिथेच पडलेली रिकामी बाटली बुडवली. पिंप कुंपणाला लागून आहे, वेलीची पानं, शेंगा, सगळं त्यात गळतं आणि कुजतं.

"आधी बेल वाजवली होती," म्हणाले.

"मागच्या वर्षांत मी घरातच असायचे."

"माहीत आहे. पडदा हलायचा."

 खिडकीबाहेरून ट्राम गेली. मी निळ्या ठिपक्याचा कागद त्यांच्यापुढे ठेवला.

११ जून

पिरोश्कानं पानावरची भुकटी खरवडून नाना तऱ्हांच्या पेजेवर वाढवून पाहिली. साखर घातली, माल्ट घातलं, वेलीचा रसही घातला. धरत नाही. "बाई, ही एकटी जगतच नाही," म्हणाली. सूक्ष्मदर्शकाखाली बुरशी आहे, राईवरच्या बुरशीच्याच जातकुळीतली. एरवी ती बियांतून वेलीत येते, माझ्या बरण्यांत पिंपातल्या कुजक्या पानांबरोबर आली, आणि ते द्रव्य ती करते. पण वेलीच्या पानाशिवाय तिला करता येत नाही. मी बी धुऊन, सोलून, औषधात बुडवून नेमकी तिलाच घालवत होते. माझ्या स्वच्छपणाचं काय करावं!

म्हणजे द्रव्य वेलीत होतं — विल्मोश खोटं बोलला नाही. ते वेलीचं एकटीचं नव्हतं — हसणाऱ्यांचंही अगदीच चुकलं नाही. आणि माझी भांडी स्वच्छ होती.

काल्मानभाऊजींनी अहवाल दोनदा वाचला. चष्मा काढला. "माझी सही चुकली, वहिनी. त्याला सांगायला हवं होतं मी," म्हणाले.  अजून राग आहे. पण आता तो एवढासाच आहे, हातात धरता येईल इतका.

१४ जून

कुंपणावरची वेल चढलीय. पानांवर पांढरं आलंय. फडकं घेतलं नाही.

शुक्रवारी काल्मानभाऊजींना म्हटलं होतं, रविवारी कॉफीला या. "रविवारी कोणता सण आहे?" त्यांनी विचारलं. कोणताच नाही, म्हटलं. बेल वाजवू नका, दार उघडं असेल.

उघडं आहे.