गुळाचा खडा आणि बर्फातला लांडगा

आक्का, तुला आधी हे सांगते की परवाच्या रविवारी अण्णा मेला, आणि मेल्यावर इतका हसला की वहिनी भाकरी तव्यावर टाकून बघायला आली. घाबरू नकोस, खेळातला मेला. खरा अण्णा, तुझा लेक, बोरगावात ठणठणीत आहे, एक गुडघा तेवढा नवा बसवलाय. त्या ऑपरेशननंतर खाटेवर पडून जीव कंटाळला म्हणून पोरीचा जुना लॅपटॉप मांडीवर घेतला आणि तेव्हापासून आपला पन्नाशी उलटलेला अण्णा खेळतोय. वहिनीची तक्रार अशी की हितला ऊस वाऱ्यावर आणि ह्ये तिकडं सशाच्या मागं.

तू देवाघरी गेलीस तेव्हा आपल्याकडे साधा फोन नव्हता, त्यामुळे जरा समजावून सांगते. या खेळात माणूस एकटाच बर्फाच्या रानात अडकलेला असतो. त्यानं लाकडं गोळा करायची, जाळ करायचा, ससा मिळाला तर भाजून खायचा, आणि थंडी, भूक, लांडगे यांच्यातून निभावून न्यायचं. जीव एकच. मेला की संपलं, मग पहिल्यापासून नवा माणूस. पण लोक लई बिलंदर. संकटाची चाहूल लागली की खेळाची फाईल उचलून दुसरीकडे तिची नक्कल करून ठेवतात, आणि मेले की नक्कल परत जागेवर. मेलेला माणूस अंग झाडून उभा. ही लबाडी चालू नये म्हणून मी एक मॉड लिहिला. मॉड म्हणजे दुसऱ्यानं शिवलेल्या कपड्याला आपण आपल्या मनानं लावलेला खिसा म्हण. दिवसा मी बेळगावात एका कंपनीचं काम करते, हा मॉड मात्र निव्वळ हौस. आणि तो कुणामुळे लिहिला असशील विचारत तर अण्णामुळेच. हा गडी महिनोन्‌महिने बर्फात जगल्याच्या बढाया मारत होता, आणि त्याच्या लॅपटॉपवर बघते तर नकलांचा ढीग.

उपाय मला तुझ्या स्वयंपाकघरातून सुचला. निपाणीच्या घरातली ती शहाबादी फरशी आठवते? तिच्यावर तू कोळशानं चौकाबाऱ्याचा पट आखायचीस. जेवणं झालेली असतात, भांडी तशीच पडलेली असतात, कवड्या तुझ्या मुठीत खुळखुळत असतात. इतरांच्या घरी मेलेली सोंगटी पुन्हा पहिल्या घरात येऊन बसते. आपल्याकडे तसं नव्हतं, कारण आपल्या सोंगट्या खायच्या होत्या. आप्पांचे फुटाणे, अण्णाचे गुळाचे खडे, माझे शेंगदाणे, तुझे खोबऱ्याचे तुकडे. जो मारेल तो खाणार. पोटात गेलेली सोंगटी परत कुठून येणार? मेली ती मेली, आणि ज्याच्या सगळ्या गेल्या त्यानं उठून चहा टाकायचा. तुझ्या खोबऱ्यावर आम्हा तिघांचा डोळा असायचा, म्हणून तू सगळ्यात जपून खेळायचीस.

त्यात आप्पा सदऱ्याच्या खिशात मूठभर फुटाणे घेऊनच बसायचे. तू दुसरीकडे बघितलंस की मेलेल्या फुटाण्याच्या जागी नवा हजर. नक्कलच की ती! तू त्यांचा खिसा कधी तपासला नाहीस. सोंगटी मेली की ज्याची त्याच्यापुढे फरशीवर कोळशाची एक रेघ ओढायला लागलीस. आप्पांनी पुन्हा फुटाणा काढला तेव्हा तू नुसतं बोटानं दाखवलंस आणि म्हणालीस, "फुटाणं कितीबी आसूंद्यात तुमच्याकडं. रेघ माझ्याकडं हाय." माझा मॉड एवढंच करतो. मेल्याची खूण तो फाईलमध्ये ठेवत नाही, निराळ्या जागी ठेवतो. मग फाईलच्या हव्या तेवढ्या नकला काढा, रेघ पुसली जात नाही. लोकांना तो आवडला, मला कधी न भेटलेली माणसं तो वापरायला लागली, आणि मी घरात जरा ताठ मानेनं वावरायला लागले.

अण्णानं तो मुद्दाम लावून घेतला. म्हणाला, घाल तुझं काय असंल ते, आता खराच खेळून दावतो. पाडव्याला त्यानं नवा माणूस बर्फात सोडला आणि दर रविवारी मला त्याची खबर द्यायला लागला. ओली लाकडं, फाटलेला जोडा, गुहेतली जागा, हे सगळं तो अशा आवाजात सांगायचा की खालच्या रानातली गोष्ट वाटावी. जन्मात बर्फ न पाहिलेला माणूस मला बर्फावरून चालायचं कसं ते शिकवत होता. मलाही त्या फोनची चटक लागली होती. आधी आम्ही बोलायचो ते आजारपणं आणि लग्नपत्रिका यांवर, आता एक ससा मिळाला तरी अर्धा तास पुरायचा.

आणि मग एका रविवारी त्याचा फोन आला, त्याचा माणूस मेला होता. तळ्यावर लांडगा समोर आला, आणि लाईट गेली. त्या लॅपटॉपची बॅटरी केव्हाच बाद झालीय, वायर लावली तरच चालतो. लाईट परत आल्यावर बघतो तर मॉडनं रेघ ओढलेली. आता यात गोम अशी की लांडग्यानं धरलं की काही जण सरळ वायर उपटतात, मरण लिहिलं जायच्या आत. म्हणून मीच नियम केला होता की खेळ मध्येच गडप झाला तर माणूस मेला असं धरायचं. माझ्याकडे घरी इन्व्हर्टर, ऑफिसात जनरेटर. निपाणीत कंदिलाच्या उजेडात पाढे पाठ केलेली मी, लाईट जाते हेच साफ विसरले होते.

"मी काय बी केल्यालं न्हाय गं," तो म्हणाला. "लाईट गेलती."

"तुझी लाईट बरी लांडगा आल्यावरच जाती रं," मी म्हणाले.

त्यानं फोन ठेवला. पुढच्या रविवारी त्याचा फोन आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. वहिनी म्हणाली, लॅपटॉप कपाटावर टाकलाय. जन्मभर लबाडी करणारा माणूस एकदा खरा खेळला आणि नेमका त्याच वेळी सख्ख्या बहिणीनं त्याला खोटा ठरवला होता. मला जेवण गोड लागेना. मग आठवलं, अण्णा खोटं बोलायचा तेव्हा किती बोलायचा! मारुतीची शपथ, शेजारचे साक्षीदार, वर हसणं. या वेळी तो दोन वाक्यं बोलून गप्प झाला होता. त्यावरूनच मला कळायला हवं होतं.

आणि त्यामागोमाग मला नंदगडचे मामा आठवले. भर उन्हाचे चालत आलेले, दारात चपला काढून थेट आत. आम्ही पटाभोवती बसलोय. अण्णाचा शेवटचा खडा सगळा पट फिरून मधल्या घराच्या तोंडाशी आलाय. मामांना वाटलं उन्हातनं आलेल्या माणसासाठी गूळ काढून ठेवलाय. त्यांनी तो उचलला, तोंडात टाकला आणि पाणी मागितलं. अण्णानं भोकाड पसरलं. आप्पा म्हणाले, पोटात गेला तो गेला, नियम म्हणजे नियम. मामा बिचारे चघळायचे थांबले, गिळावं की काढावं कळेना त्यांना. तू आधी त्यांना तांब्याभर पाणी दिलंस, मग डब्यातून दुसरा खडा काढून त्याच घरात ठेवलास. "मारून खाल्ला तर मेला," तू म्हणालीस. "नुसता खाल्ला म्हणून मरत न्हाय. हितनंच फुडं खेळा." पुढच्याच फेरीत आप्पांना हवं ते दान पडलं, त्यांनी तो खडा रीतसर मारून खाल्ला, आणि अण्णा न कुरकुरता चहा टाकायला उठला.

दुसऱ्या दिवशी मी नियम बदलला. एकट्या अण्णासाठी मागचं दार उघडलं नाही, सगळ्यांसाठीच बदलला, आणि खेळ मध्येच बंद पडून ओढल्या गेलेल्या जुन्या रेघाही पुसल्या. आता खेळात खरोखर मरण आलं तरच रेघ. मध्येच लाईट गेली तर माणूस परत येतो, पण त्याच जागी, तेवढाच भुकेला, आणि लांडगाही तेवढ्याच अंतरावर. वायर उपटून फायदा शून्य. कुठल्या कुठल्या देशांतून लोकांनी लिहिलं की बरं झालं, आमच्याकडेही वीज अशीच जाते. मला हसूच आलं, म्हटलं जगभर बोरगावंच आहेत.

परवाच्या रविवारी मी स्वतः बोरगावला गेले. कपाटावरचा लॅपटॉप काढला, पुसला आणि अण्णापुढे ठेवला. चुकले रे, तू खरं बोलत होतास, असं मी त्याला तोंडावर म्हणाले. तो नुसता चष्मा शोधत राहिला. त्यानं खेळ चालू केला. तेच तळं, तीच संध्याकाळ आणि समोर तोच लांडगा. मी त्याच्या शेजारी खाटेवर बसले होते. अण्णानं मशाल पेटवायला घेतली, ती ओली निघाली, आणि लांडग्यानं झेप घेतली. झालं, रेघ पडली. मी त्याच्याकडे बघायला भीत होते, तर हा मांडी थोपटून हसतोय, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर.

"आत्ता कसं," तो म्हणाला. "आत्ता मेलो बघ मी."

मग वहिनीनं गरम भाकरी वाढल्या आणि त्यानं जेवताजेवताच नवा माणूस बर्फात सोडला.

आक्का, हे मी अण्णाला सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही, म्हणून या कागदावर लिहून हा कागद घडी करून ठेवते. तो लांडगा झेप घ्यायला दबला ना, तेव्हा ज्या बाईनं हा सगळा कडक नियम लिहिलाय ती बाई तुझ्या लेकाशेजारी बसून मनातल्या मनात देवाला विनवत होती की आत्ता, या घडीला, लाईट जाऊ दे.